गूळबाबा, मुक्काम पोस्ट ओफेन

कुवेतच्या मराठी मंडळींत देवदत्त चौगुल्यांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्यांना सलग दोन वाक्यं बोलताना ऐकलंय असा सापडणं त्याहून कठीण. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सगळ्यात आधी स्टेजवर चढायचे ते चौगुलेच. माइकवर टिचकी मारायची, 'हॅलो, एक, दोन, तीन' म्हणायचं आणि खाली उतरायचं. मग ज्यांना बोलता येतं असं मानलं जाई, ती माणसं वर जात. चौगुले कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आवाजाची बटणं फिरवत आणि शेवटी सगळे जेवायच्या रांगेत लागले की वायरी गुंडाळत. असं सव्वीस वर्षं चाललं होतं.

नोकरीही अशीच न बोलण्याची. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात त्यांचं वर्कशॉप होतं आणि तिथे ते आजारी यंत्रं बरी करत. सलाइनचे पंप, मॉनिटर, श्वास देणारी यंत्रं. वरून एखादा डॉक्टर फोनवर दहा मिनिटं तावातावाने तक्रार करायचा, चौगुले सगळं ऐकून 'बघतो' म्हणायचे आणि तासाभरात यंत्र चालू व्हायचं. घरी, महबूला भागातल्या एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, प्रभाताई होत्या. त्या एका दवाखान्यात नर्स. दिवसभर पेशंटांशी बोलून त्यांचं पोट भरत नसे, त्यामुळे उरलेलं घरी येऊन बोलत. नवरा ऐकतो आहे यावर त्यांचा विश्वास होता, आणि तो खराही होता.

आता मार्चअखेर चौगुल्यांची नोकरी संपणार होती. सामान बांधायचं, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द करायचा, कोल्हापूरला जायचं. मंडळी म्हणत, 'चौगुले गेल्यावर माइक कोण बघणार?' चौगुले गेल्यावर चौगुल्यांचं काय होणार, हे काही कोणी विचारत नव्हतं. आणि त्यांच्या मनात एक गोष्ट होती, जी त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. जायच्या आधी एकदा, फक्त एकदाच, त्या माइकवर 'तीन'च्या पुढे बोलायचं होतं. काय बोलायचं हे मात्र सुचत नव्हतं. माणसाला सव्वीस वर्षं दाबून ठेवलेली हौस असावी आणि विषय नसावा, ही मोठी अडचण आहे.

विषय सापडला डिसेंबरात, शुक्रवारच्या बाजारात. जुन्या ॲम्प्लिफायरचं एक बटण शोधायला चौगुले तिथे गेले होते. गालिचे, पिंजऱ्यातले पोपट, एका पायाची खुर्ची, असं सगळं ओलांडून ते एका ढिगापाशी आले, तर ढिगातून एक चित्र त्यांच्याकडे बघत होतं. कागद पिवळा पडलेला, शाईच्या बारीक रेघांनी काढलेलं जुन्या धर्तीचं चित्र. आठ कोनांची एक बुटकी दगडी इमारत, वर घुमट. चित्राखाली परक्या भाषेत एक ओळ होती, पण अक्षरं इंग्रजी. चौगुल्यांनी चष्मा वर केला आणि एकेक अक्षर जोडून वाचलं. 'गुल बाबाज ग्राबमाल इन ओफेन.'

आता कुवेतात मराठी माणूस 'तिळगूळ' इंग्रजी अक्षरांत कसा लिहितो? 'तिलगुल'. दर संक्रांतीला मोबाइलवर असे शंभर तिलगुल येऊन पडतात, आणि आजवर एकालाही कोणी ते गुलाबाचं फूल समजलेलं नाही. तेव्हा गुल म्हणजे गूळ, यात चौगुल्यांना तिळमात्र शंका आली नाही. अक्षरावर दोन ठिपके होते, ते माशीचे म्हणून त्यांनी सोडून दिले. बाबा म्हणजे बाबा. ओफेन म्हणजे ओव्हन, पूर्वीच्या लोकांचं स्पेलिंग कच्चं असायचं. राहिला ग्राबमाल. 'माल' आणि 'मळी' यांत अंतर ते किती? उसाचा रस उकळताना वर जो काळा फेस येतो, ती मळी. ती काढल्याशिवाय गूळ होत नाही, हे कोल्हापूरकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

एकदा हे कळल्यावर चित्र आपोआप उलगडत गेलं. ही आठ कोनांची इमारत म्हणजे चुलवाण, गुऱ्हाळाची भट्टी, वरचा घुमट धूर कोंडायला. मागच्या टेकडीवर काठ्यांना बांधलेली झुडपं दिसत होती, तो ऊस. जरा बुटका होता, पण थंड प्रदेशात ऊस किती वाढणार. दारात लांब काठी घेऊन एक इसम उभा होता, तो रसाची काहील, म्हणजे मोठी कढई, ढवळणारा. आणि पायरीवर मोठा फेटा बांधून, डोळे मिटून जो बसला होता, त्याला चौगुल्यांनी लगेच ओळखलं. तो गुळव्या. गूळ नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. चौगुल्यांचे वडील गुळव्या होते, आणि ते असेच बसायचे.

भर बाजारात, पोपटांच्या कलकलाटात, हा एकोणसाठ वर्षांचा माणूस चित्र छातीशी धरून हसत सुटला. युरोपात, साता समुद्रापार, कोणे एके काळी गुळाचा एक संत होऊन गेला होता आणि त्याची भट्टी लोकांनी चित्रात काढून ठेवली होती. ही गोष्ट जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, या कल्पनेने त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. परत येताना ते गाडीत शीळ घालत होते. बटण घ्यायचं राहूनच गेलं.

जानेवारी उजाडला. मंडळाच्या सांस्कृतिक चिटणीस चारुशीला बापट यांनी व्हॉट्सॲपवर संदेश टाकला की संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या आहारतज्ज्ञ बाई अचानक पुण्याला गेल्या आहेत, तर गूळ या विषयावर कोणी दहा मिनिटं बोलेल का? पाचव्या सेकंदाला खाली एक अक्षर उमटलं. 'मी.' नाव, देवदत्त चौगुले.

चारुशीलाबाईंनी फोनच केला. "चौगुले, तुमचं बोट चुकून लागलं का हो?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही बोलणार? स्टेजवर?"

"हो."

"बरं. दहा मिनिटं हं. माइकचं मग कोण बघेल?"

"तेही मीच," चौगुले म्हणाले, आणि एका फोनवर आपण एवढं बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

मग जे दोन आठवडे गेले, त्यांत चौगुल्यांचं विमान खाली उतरलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत ते वर्कशॉपचं दार लोटून घेत, चित्र एका बंद पडलेल्या मॉनिटरला टेकवून ठेवत आणि त्यासमोर भाषणाचा सराव करत. भाषण त्यांनी वहीत उतरवून काढलं होतं आणि त्यासाठी भारी भारी शब्द जमवले होते. 'सन्माननीय व्यासपीठ, इक्षुदंडाच्या रसापासून सिद्ध होणारा गूळ हा केवळ खाद्यपदार्थ नसून ती एक वैश्विक संस्कृती आहे, आणि या संस्कृतीचे थोर महात्मे श्री गूळबाबा...' इथे आले की त्यांना हसू फुटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. वरच्या मजल्यावरून सलाइनचा पंप घेऊन आलेल्या एका नर्सने दाराला कान लावला, आणि चौगुले कोणाशी तरी गुलूगुलू बोलतात अशी बातमी दोन वॉर्डांत पसरली. प्रभाताईंना मात्र त्यांनी काहीच सांगितलं नाही. फक्त संक्रांतीच्या कार्यक्रमात आपण दोन शब्द बोलणार आहोत एवढं म्हणाले. प्रभाताई म्हणाल्या, "दोनच बोला. तिसरा आला तर मला चक्कर येईल."

खरं काय ते नेटवर बघावं असं त्यांना वाटलं कसं नाही, असं कोणी विचारेल. पण ज्याला शंका असते तो शोधतो. चौगुल्यांना शंका नव्हती, आनंद होता. आनंदात कोणी स्पेलिंग तपासत बसत नाही.

चित्राला चौकट करायला त्यांनी ते बनेद अल-गार भागातल्या रिदाकडे दिलं होतं. रिदा मूळचा सीरियातला, हलबचा, म्हणजे अलेप्पोचा. चौकटी करतो, काचा कापतो, आणि चौगुल्यांना 'मुहंदिस' म्हणजे इंजिनियर म्हणतो. कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी सहाचा. चौगुले चार वाजता, नवा कोट घालून, चौकट न्यायला दुकानात हजर झाले. रिदाने कागद सोडून चित्र काउंटरवर उभं केलं. सोनेरी चौकटीत गूळबाबा फारच शोभत होते.

"सुंदर कबर आहे, मुहंदिस," रिदा म्हणाला. त्या दोघांची बोली म्हणजे थोडी अरबी, थोडी हिंदी आणि बाकीचे हातवारे.

"कबर कसली? भट्टी आहे. गुळाची."

रिदाने चित्राकडे पाहिलं, मग चौगुल्यांकडे. "गुल म्हणजे तुर्कीत वर्द. गुलाब. आमच्या हलबमध्ये शेजारीपाजारी तुर्की बोलायचे, मला माहीत आहे. हे गुल बाबा. गुलाबाचे बाबा. फकीर."

"गूळ नाही?"

"गूळ म्हणजे काय?"

चौगुल्यांना अरबीत गूळ सांगता येईना. "साखर. तपकिरी. गरम," ते म्हणाले आणि हाताने काहील ढवळून दाखवली.

"ला, नाही," रिदा म्हणाला. "वर्द." आणि खात्री म्हणून त्याने जर्मनीतल्या बहिणीला फोन लावून चित्र दाखवलं. बहिणीने वाचलं, दोन मिनिटं नेटवर शोधलं आणि निकाल दिला. गुलवरचे दोन ठिपके अक्षराचेच. ग्राबमाल म्हणजे समाधी. ओफेन म्हणजे ओव्हन खराच, पण इथे नाही. इथे ते हंगेरीतल्या बुडापेस्टमधल्या बुडा गावाचं जुनं जर्मन नाव. तुर्की फौजेबरोबर एक फकीर त्या गावी आला, आल्या आल्याच वारला, आणि तिथे त्याची कबर बांधली. टेकडीवर आहे ती द्राक्षं. लोक म्हणतात गुलाब त्यानेच आणले. कबर अजून आहे.

चौगुल्यांनी तिचे आभार मानले. मग ते खुर्चीवर बसले. रिदाने पाणी आणून दिलं. खिशात इक्षुदंडाचं भाषण होतं, घड्याळात साडेचार वाजले होते आणि जगात कुठेही गुळाचा संत होऊन गेलेला नव्हता. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेली एकुलती एक दहा मिनिटं, आणि त्यांत सांगायला काही नाही. त्यांना रडायला आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण रडता रडता त्यांना तो बुटका ऊस आठवला, माशीचे दोन ठिपके आठवले, आणि रिदाच्या दुकानात पाण्याचा घोट तोंडातच असताना असं हसू आलं की नवा कोट भिजला. रिदाला काही कळलं नाही, पण तोही हसायला लागला.

साल्मियातल्या एका शाळेच्या सभागृहात साडेतीनशे माणसं जमली होती. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, पहिल्या रांगेत तिळगुळाची ताटं. चौगुल्यांनी सवयीने माइक तपासला आणि सवयीनेच खाली उतरले. चारुशीलाबाईंनी हाताने खूण करून त्यांना परत वर पाठवलं, तेव्हाच अर्धं सभागृह हसलं. तिसऱ्या रांगेत प्रभाताई पर्स घट्ट धरून बसल्या होत्या.

चौगुल्यांनी चित्र टेबलावर ठेवलं. वही उघडली. "सन्माननीय व्यासपीठ," ते म्हणाले. पुढच्या ओळीतला इक्षुदंड त्यांना दिसत होता, पण त्याला हात लावायची इच्छा होईना. त्यांनी वही मिटली आणि गावाकडे बोलतात तसं बोलायला लागले.

"आता खरं सांगतो. ह्यो माझा मानूस गुळाचा न्हाई. दोन तासांमागं कळलं. दोन आठवडं मी हेला गूळबाबा म्हनून पाया पडालोय, आनि ह्यो निघाला गुलाबबाबा."

सभागृहात क्षणभर कोणाला कळलं नाही. चौगुले पुढे म्हणाले, "हसू नगासा. विंग्रजीत तिळगूळ लिवताना 'तिलगुल' कोन कोन लिवतंय? हात वर करा बगू."

एक हात वर झाला, मग दहा, मग सगळे. चारुशीलाबाईंचाही झाला.

"मग मी एकटाच खुळा न्हवं," चौगुले म्हणाले, आणि जो हशा उठला तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अंगावर घेतला. तो अंगावर घेतल्यावर काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं. ते सुटलेच. बाजारातले पोपट सांगितले, मळी सांगितली, बुटका ऊस सांगितला, ओव्हन सांगितला. बँकेत मॅनेजर असलेले एक गृहस्थ पोट धरून खुर्चीवरून घसरले. मागच्या रांगेतल्या दोन आज्या एकमेकींना टाळ्या देत होत्या. दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती आणि चारुशीलाबाई घड्याळाऐवजी डोळे पुसत होत्या.

"पर ह्यो फेटावाला बगा," चौगुले चित्रावर बोट ठेवून म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "हेला बगूनच मी फसलो. आमचा बा असाच बसायचा चुलवाणापाशी. गूळ झाला का न्हाई हे डोळ्यानं कळत न्हाई. पाकाची बारकी गोळी करायची पान्यात, काहिलीच्या काठावर आपटायची, आनि आवाज ऐकायचा. त्यो आवाज आला की उतरायचा. एक क्षण हिकडं-तिकडं झाला की वर्साचा ऊस वाया. म्हनून बा गुऱ्हाळात कुनाला बोलू द्यायचा न्हाई. म्हनायचा, गप, मला ऐकू दे. मी बारका हुतो, मला वाटलं कायमचंच गप म्हनतोय. बा गेला, गुऱ्हाळ गेलं, मी हितं आलो, तरी मी गपच."

आता कोणी हसत नव्हतं. चौगुल्यांना ते कळलं, पण थांबता येईना.

"ह्या फकिराला त्या गावात धड राहायला बी मिळालं न्हाई. तरी त्येचं नाव तिथं हाय. मी सव्वीस वर्सं हितं हाय. मार्चात माझं कार्ड रद्द हुईल आनि मी जाईन. माझं नाव हितं ऱ्हावं असं माझं म्हननं न्हाई. पर ह्या वायरा गुंडाळनाऱ्या मानसाला बी बोलायचं हुतं, एवढं तुमास्नी ठावं असू द्या. झालं माझं. तिळगूळ घ्या."

टाळ्या पडल्या त्या इतका वेळ पडल्या की माइक शिट्टी मारायला लागला आणि चौगुल्यांनाच धावत जाऊन तो बंद करावा लागला. मग जो तो येऊन हात मिळवत होता. कोणी त्यांना गूळबाबा म्हणालं, आणि ते नाव तिथल्या तिथे चिकटलं. चौगुले लग्नातल्या नवऱ्यासारखे लाजत होते आणि तरंगत होते. वायरी त्या दिवशी बँक मॅनेजरांनी गुंडाळल्या, अगदी चुकीच्या पद्धतीने.

फहाहील रोडला गाडी लागली तरी चौगुल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जात नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं की गाडीत फारच शांतता आहे. प्रभाताई समोर बघत होत्या.

"आवडलं नाही?" त्यांनी विचारलं.

"आवडलं की," प्रभाताई म्हणाल्या. "तुमचे वडील गुळव्या होते, हे लग्न ठरवतानाच सांगितलेलं मला. पण ते गोळी आपटून आवाज ऐकायचे आणि म्हणून तुम्ही गप झालात, हे मला आज कळलं. साडेतीनशे माणसांबरोबर. एकतीस वर्षांनी."

चौगुल्यांच्या हसण्याला एकदम लगाम बसला. ते म्हणाले, "तू बोलत असायचीस. मध्ये कुठं शिरणार?"

"मी कशाला बोलायची? कुणीतरी बोलायला पायजे घरात, म्हणून बोलायची. घशाला कोरड पडायची माझ्या." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि पर्स मागच्या सीटवर टाकली. "आता मी गप बसते. बोला तुम्ही."

"काय बोलू?"

"ते गुऱ्हाळात आणखी कोण कोण होतं, ते सांगा."

चौगुल्यांनी घसा साफ केला. चुलवाणात चिपाडं घालणारा एक म्हातारा होता, त्याच्यापासून सुरुवात केली. मग बैल आले, काकवीत बोट बुडवणारी बहीण आली, तिला आलेले फोड आले. बोलता बोलता त्यांचा एक हात सारखा स्टिअरिंगवरून सुटत होता. रस्ता एरवी प्रभाताईच सांगत, कुठे वळायचं, कुठे हळू घ्यायचं. घराकडे वळणारा महबूल्याचा फाटा आला, पाटी दिसली, आणि मागेही पडली. प्रभाताईंनी पाहिलं, ओठ घट्ट मिटले, आणि काही म्हणाल्या नाहीत.